पिल्लाचे जुलाब : दोष दुधाचा की विषाणूचा?

मैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी बेट्टदपुर वसले आहे. अशा शेतीच्या गावात मांजर एका घरचे नसते. चार घरांत त्याचा वावर असतो. पिल्लाला जुलाब झाले की घरची मंडळी म्हणतात, ''दूध बाधलं असेल. उद्या बरं होईल.''

दूध बाधते, हे खरे. वाढत्या वयात अनेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. दूध बंद केले की असे जुलाब थांबतात. पण पिल्लाने खाणे सोडले, ते उलट्या करू लागले, पाण्याच्या वाटीपाशी मान टाकून बसले, तर उद्याची वाट पाहणे घातक ठरते.

शत्रू कोण?

सर्वांत भयंकर विषाणू पॅनल्यूकोपेनियाचा. तो आतड्याचे अस्तर आणि रक्तातील पांढऱ्या पेशी एकाच वेळी नष्ट करतो. लस न टोचलेली बहुतेक पिल्ले यात दगावतात. २०२३ साली याच कर्नाटकात, बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात बिबट्याची सात पिल्ले या रोगाने गेली.

मांजरांचा कोरोना विषाणू कोविडच्या विषाणूहून वेगळा. त्याने बहुधा सौम्य जुलाब होतात. मात्र काही मांजरांत तो पुढे जीवघेणे रूप घेतो. रोटा विषाणूचा त्रासही मुख्यत्वे पिल्लांनाच होतो.

काय करावे?

विषाणू मारणारे सोपे औषध नाही. सलाइन, उलटी थांबवणारी औषधे आणि ऊब यांवर पिल्लू तगते. म्हणून त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे. घरातील माणसांच्या गोळ्या देऊ नयेत; पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे.

आजारी पिल्लू वेगळे ठेवावे. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो, चपलांबरोबर येतो. फिनेलने फरशी पुसू नये, ते मांजराला अपायकारक आहे. एक भाग घरगुती ब्लीच व बत्तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे ठेवून जागा धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच मांजराला तिथे सोडावे. माणसाला हा रोग होत नाही.

खरा उपाय लसच. सहा ते आठ आठवड्यांचे पिल्लू झाले की पहिली मात्रा, मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढच्या. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण पहिल्या मात्रेला निष्प्रभ करू शकते, म्हणून एका सुईवर निर्धास्त राहू नये.