खंडेनवमी आणि कामावरचा वेष

खंडेनवमीस सुतार पटाशी मांडतो, कारकून लेखणी पूजितो. परंतु ज्या वेषाने आपण कामावर उभे राहतो, तोही एक उपकरणच नव्हे काय?

एका संस्कृत सुभाषितात गंमत आहे. पीतांबरधारी विष्णूस समुद्राने कन्या दिली आणि चर्मधारी शंकराच्या वाट्यास विष आले! पण ते विष पचवूनच शंकर महादेव ठरले. वेष दार उघडतो; मान कर्तृत्वानेच मिळतो.

गतवर्षी कीर्तनानंतर एक तरुण आम्हांस म्हणाला, "बुवा, नोकरी लागली, पण सदरे दोनच. कर्ज काढून सूट शिवू का?"

आम्हांस आमचे पूर्वायुष्य आठवले. अंगरखा एकच. तो रात्री धुवावा, सकाळी घालावा. एकदा कंटाळा केला, तर श्रोत्यांची दृष्टी आख्यान सोडून बाहीवरच्या डागावर खिळली. ठिगळ कोणास खुपले नाही; मळ खुपला.

आम्ही म्हटले, "बाळ, दोन पुरेत. खांद्यावर नीट बसणारा फिकट सदरा, शाबूत गुंड्या, इस्त्रीची विजार, पुसलेले जोडे, कापलेली नखे. कर्ज मात्र नको."

१९५६ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने दोन थोर पुरुष गमावले. गाव झाडणाऱ्या गाडगे महाराजांच्या अंगावर चिंध्या होत्या, दलितांना ताठ उभे करणाऱ्या डॉ. आंबेडकरांच्या अंगावर सूट. दोन्ही वेष आपापल्या कार्यास शोभले.

यंदा अवजारांशेजारी धुतलेल्या सदऱ्याची घडीही ठेवावी, आणि दसऱ्यानंतर तोच घालून कामाचे सीमोल्लंघन करावे.