परसांतील घूस व तिच्या बंदोबस्ताचा हंगाम

शेतकऱ्याच्या धान्याला वांटेकरी पुष्कळ. सोसायटीचें देणें आणि व्यापाऱ्याची अडत कागदावर तरी दिसते. घुशीचा वांटा मात्र कोणत्याही वहींत लिहिला जात नाहीं. महसुली दप्तरांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. पीक पाहावयास जाणारा मनुष्य उभें पीक पाहतो. बिळांत ओढून नेलेलीं कणसें त्याच्या नजरेस पडत नाहींत. यास्तव हा हिशेब ज्याचा त्यानेंच ठेवला पाहिजे.

शेतांत व परसांत नेहमीं उपद्रव देते ती लहान घूस होय. बिळाच्या तोंडाशीं ताज्या मातीचा ढीग, हीच तिची खूण. ती धान्य व कंद खाते, बिळांत सांठा करते आणि घराचें जोतें पोखरते. मादीचा गर्भकाळ सुमारें तीन आठवड्यांचा असून एका वेतांत बहुधा पांच ते आठ पिलें होतात.

आतां तिचें वर्षाचें वेळापत्रक पाहूं. आषाढ-श्रावणांत सखल शेतांतील बिळांत पाणी शिरतें, तेव्हां ती बांधावर व घराजवळील उंचवट्यावर येते. भाद्रपदापासून पिकांत दाणा भरूं लागला, कीं तिची वीण वाढते. सुगीनंतर धान्याच्या मागोमाग ती खळ्यावर, गंजींत व परसांत शिरते. उन्हाळ्यांत शेतें उघडीं पडून अन्न आटतें, संख्या घटते आणि उरलेल्या घुशी ओलिताची जागा किंवा घरची मोरी धरून राहतात.

बहुतेक लोकांस घुशीची आठवण दिवाळीच्या सुमारास होते. त्या वेळीं सर्वत्र दाणा पडलेला असल्यामुळें पिंजऱ्यांतील आमिषाकडे ती ढुंकूनही पाहत नाहीं. खरा हंगाम वैशाख-ज्येष्ठाचा, मृगाचा पाऊस पडण्यापूर्वींचा. त्या दिवसांत ती थोडी असते व भुकेलेली असते. तेव्हां मारलेली एक मादी म्हणजे सुगीच्या वेळची सबंध टोळी टळली, असें समजावें.

पद्धत अशी: सायंकाळीं परसांतील सर्व बिळें मातीनें बुजवावींत. सकाळीं जीं उकरलेलीं दिसतील तींच वस्तीचीं. त्यांजवळ पिंजरा ठेवून त्यांत सुका बोंबील किंवा भजें लावावें. घूस नव्या वस्तूस बिचकते. सबब पहिले दोन-तीन दिवस दार उघडें बांधून ठेवावें व नंतर पिंजरा लावावा. लांकूडफांटा जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर रचावा, मोरीच्या तोंडास जाळी बसवावी आणि उकिरडा घरापासून दूर न्यावा.

विषाविषयीं सावध राहावें. झिंक फॉस्फाइड परसांत वापरूं नये. तें पोटांत जातांच विषारी वायु सोडतें व त्यास उतारा नाहीं. शिवाय त्यांतून वांचलेली घूस पुन्हां तें आमिष खात नाहीं. अगदींच निरुपाय झाल्यास ब्रोमाडिओलोनची तयार वडी वेष्टनावरील सूचना वाचून बिळांत खोल ठेवावी व बीळ बुजवावें. मुलें, कोंबड्या व मांजर यांस ती सांपडतां कामा नये. मेलेल्या घुशी हातमोजे घालून खोल पुराव्या, कारण त्या खाऊन घुबडेंही मरतात. गव्हाणी घुबड व धामण हे आपले बिनपगारी राखणदार होत. घुबड अशुभ म्हणून हुसकणें म्हणजे राखणदारास हांकून चोरास जेवूं घालणें होय.

प्रश्न केवळ धान्याचा नाहीं. घुशी-उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत त्यानें बळी घेतले. म्हणून पावसाळ्यांत पायांस जखम असतां चिखलांत अनवाणी उतरूं नये आणि ताप आल्यास त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

शेवटीं एक विनंति. एकट्यानें आपलें परसूं साफ केल्यास शेजारची घूस रिकाम्या बिळांत राहावयास येते. तरी आळींतील सर्व घरांनीं ज्येष्ठांतील एकच आठवडा ठरवून हें काम एकदम करावें. बांधाच्या हद्दीवरून शेजाऱ्यांचे तंटे वर्षानुवर्षें चाललेले आम्हीं पाहिले आहेत. घूस ती हद्द मानीत नाहीं, म्हणून निदान तिच्यापुरतें तरी सर्वांनीं एक व्हावें.