हब निघत नाही तेव्हा

रोटरी मोव्हरच्या गिअरबॉक्सचं खालचं सील गेलं की दुरुस्तीचा अंदाज हमखास चुकतो. सील म्हणजे तळहातावर मावेल एवढी रबराची कडी. दुकानात सहज मिळते, फार महागही नसते. पण ती बदलायची तर आधी शाफ्टवरचा हब उतरवावा लागतो, आणि तो पाच-सहा पावसाळे तिथे मुक्काम ठोकून असतो. सील बसवायला पंधरा मिनिटं पुरतात. हबला एक दिवस लागतो, कधी दोन. मेस्त्री मजुरी सांगतो ती हबची, आणि मालक हुज्जत घालतो ती सीलच्या किमतीवरून.

यंत्र तसं सोपं आहे. ट्रॅक्टरच्या तीन-पॉइंट लिंकेजला मागे टांगलेला लोखंडी डेक आणि त्यावर मधोमध गिअरबॉक्स. पीटीओ मिनिटाला 540 फेरे देतो. गिअरबॉक्स ती आडवी गती उभ्या शाफ्टला देतो आणि देताना वाढवतोही. ही वाढ दीडपट धरली तर सहा फुटी मोव्हरच्या पात्याचं टोक सेकंदाला पाऊणशे मीटरहून जास्त, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे पळतं. शाफ्टच्या खालच्या टोकाला हब असतो, हबला परातीसारखं जाड पॅन किंवा नुसती आडवी पट्टी, आणि तिच्या दोन टोकांना एकेका बोल्टावर झुलणारी पाती. पातं दगडावर आपटलं की मागे वळतं, आणि पॅन छाटलेल्या बुंध्यावरून घसरून पुढे जातं. अमेरिकेत हे यंत्र शेतोशेती पोचवलं ते अलाबामा राज्यातल्या सेल्मा इथे 1951 मध्ये सुरू झालेल्या बुश हॉग कंपनीने. आपल्याकडे फळबागांत, दोन ओळींमधलं गवत मारायला छोट्या ट्रॅक्टरमागे याच जातीचे स्लॅशर चालतात. पाचट किंवा पऱ्हाटी बारीक करणाऱ्या यंत्रांची घडण वेगळी, पण त्यांचे अडकलेले बोल्टही याच रीतीने निघतात.

अडकतं का, तर हे यंत्र सगळं आयुष्य ओल्या गवतात काढतं. गवताचा रस, माती, शेणखत यांचा लगदा डेकच्या आतून चिकटतो आणि तसाच वाळतो. काम संपलं की मोव्हर बांधावर टाकला जातो, वर गवताचा थर तसाच, त्यावर पाऊस. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, निदान दुप्पट. हब आणि शाफ्ट यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत तो गंज तयार होतो, तेव्हा आतून पाचर ठोकल्यासारखं होतं. काही मोव्हरांत शाफ्टला खाचा आणि वर उतारही, म्हणजे टेपर असतो. नट आवळला की हब त्या उतारावर घट्ट चढतो, आणि वर्षभर दगडांचे दणके त्याला आणखी वर चढवतात. नुसता नट काढून हब खाली पडेल अशी आशा म्हणूनच धरू नये.

कामाला हात घालण्याआधी मोव्हर कशावर उभा आहे ते बघावं. हायड्रॉलिकवर उचललेला मोव्हर हा आधार नव्हे. एक सील किंवा नळी सुटली की तो खाली येतो, आणि त्याच्याखाली झोपलेला माणूस उठत नाही. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट सोडवलेला आणि डेकखाली जाड लाकडी ठोकळे किंवा स्टँड असावेत. शक्य असेल तर मोव्हर चेन पुलीने उभा करून भिंतीला बांधावा. मग हब समोर येतो आणि घण आडवा मारता येतो. निम्मी लढाई इथेच जिंकली जाते.

पहिला दिवस तेलाचा. वायर ब्रशने शाफ्टचं टोक आणि आटे साफ करायचे, कॉटर पिन वाकडीतिकडी जशी येईल तशी उपटायची, आणि नटावर, हबच्या वरच्या व खालच्या कडेला गंज सोडवणारं तेल मुरवायचं. आपल्याकडे डिझेल पाजतात. परदेशी शेतकरी गिअरचं पातळ एटीएफ तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून वापरतात. ते चांगलं शिरतं, पण ॲसिटोन पटकन पेट घेतं, तेव्हा त्या दिवशी गॅस पेटवू नये. 'मालक, आज नुसतं पाजा, उद्या बघू,' असं म्हणणाऱ्या मेस्त्रीवर विश्वास ठेवावा. तेल शिरायला वेळ लागतो आणि मध्ये मध्ये हातोडीचे हलके ठोके लागतात.

नट काढायला सहा कोनांचा सॉकेट आणि लांब पाईप लागतो. बारा कोनांचा सॉकेट किंवा उघडा पाना लावला की नटाचे कोन मरतात आणि एका अडचणीच्या दोन होतात. नट निघाला की तो उतरवून बाजूला ठेवायचा नाही. दोन-तीन आटे धरून परत वर चढवायचा, त्यामुळे शाफ्टचं टोक वाचतं आणि हब अचानक सुटला तर पायावर येत नाही. मग पुलर लावायचा, पण नुसता पुलर आवळत राहिलं तर त्याचे जबडे वाकतात, हब जागेवरच राहतो. पुलरला ताण द्यायचा आणि हबच्या कडेला, शाफ्टच्या आडव्या दिशेने घण मारायचा. समोरच्या बाजूला दुसरा जड घण टेकवला तर दणका हबातच राहतो. हबचं भोक क्षणभर किंचित वेडंवाकडं होतं आणि गंजाची पकड तुटते. शाफ्टच्या टोकावर मात्र सरळ ठोकू नये. टोक पसरतं, आटे जातात आणि तो मार थेट वरच्या बेअरिंगला बसतो.

एवढ्यानंही ऐकलं नाही तर आग. ती हबला द्यायची, शाफ्टला नाही. पोलाद एका अंशाला लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांश पसरतं. म्हणजे पन्नास मिलीमीटरचं भोक दोनशे अंशांनी तापवलं तर जेमतेम 0.12 मिलीमीटर मोठं होतं. आकडा छोटा वाटतो, पण गंजाला एवढंच पुरतं. हब सगळीकडून सारखा तापवावा, पिवळसर झाक दिसली की थांबावं, लाल करू नये. गिअरबॉक्सचं वरचं हवेचं बूच मोकळं ठेवावं, नाहीतर बंद डब्यातली हवा आणि तेल तापून दाब वाढतो. खालचं सील जळणारच, ते तर बदलायचंच आहे. तापलेल्या जोडावर मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून फटीत ओढलं जातं, ही जुनी युक्ती खरोखर चालते. ब्रेक धुण्याचा क्लोरीनवाला स्प्रे मात्र आधी मारला असेल तर तिथे गॅस किंवा वेल्डिंग नकोच, त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू निघतो.

पुलर ताणलेला असताना हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो. त्या वेळी कुणाचं तोंड समोर नसलेलं बरं.

पात्यांच्या बोल्टांचं दुखणं वेगळं. त्यांचे नट डेकमधल्या भोकातून वरून सॉकेट घालून धरायचे असतात, पण ते भोक मातीने भरलेलं असतं. नटाचा कोन गेला तर त्यावर मोठा नट वेल्ड करावा. पकडही मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सैल होतो. तेही नको असेल तर नट छिन्नीने चिरावा किंवा ग्राइंडरने कापावा. पाती बदलताना बोल्ट नवाच घालायचा असतो, त्यामुळे जुन्याबद्दल ममता कशाला?

सर्वात दुर्लक्षित अडकलेला भाग म्हणजे स्लिप क्लच. पातं खुंटाला अडलं तर क्लच घसरून गिअरबॉक्स वाचवतो. पण पावसाळाभर पडून त्याच्या चकत्या एकमेकींना गंजाने चिकटल्या तर तो घसरत नाही आणि पहिल्याच दणक्यात दात उडतात. हंगामाआधी स्प्रिंगचे नट सारखे ढिले करून, चकत्यांवर खडूची आडवी रेघ ओढून, दोन-तीन सेकंद पीटीओ चालू करावा. बंद केल्यावर रेघ तुटलेली दिसली तर क्लच जिवंत आहे. नसेल तर खोलून चकत्या घासाव्यात. ज्या यंत्रात क्लचऐवजी तुटणारा शिअर बोल्ट असतो, तिथे तो वारंवार तुटतो म्हणून जाड, कडक बोल्ट ठोकणारे आपल्याकडे बरेच आहेत. त्यांची हुशारी गिअरबॉक्सच्या खर्चात वसूल होते.

परत जोडताना शाफ्टच्या खाचा कोरड्या ठेवू नका, पातळसं ॲन्टी-सीझ किंवा ग्रीस लावा. टेपरवर काय लावायचं ते मॅन्युअलमध्ये बघा. हबचा नट ओढायला बळ लागतं. बऱ्याच मोव्हरांत तो साडेचारशे फूट-पौंडांच्या आसपास, म्हणजे तीन फुटी पाईपच्या टोकावर 68 किलोचा भार. पहिले काही तास चालवल्यावर तो पुन्हा ताणून बघा. आणि कॉटर पिन नवीनच घाला. जुनी सरळ करून पुन्हा घातलेली पिन तुटते, आणि नट सुटला तर फिरतं पॅन पात्यांसकट डेकखालून बाहेर पडतं.