निदान एका यंत्रमानवाचे

'दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण वैद्यकीय मंडळी सहसा दुसऱ्यांच्या चुकांसाठी राखून ठेवतो. तिचा प्रत्यय मला एका अगदी वेगळ्या क्षेत्रात आला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

२०२३ साली माझी पुतणी येथेच, बडोद्यात, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. रुग्णालयाच्या वॉर्डात औषधे पोहोचविणाऱ्या चाकांच्या यंत्रमानवाचा प्रकल्प तिने घेतला होता. खरा यंत्रमानव महाग, आणि तो रुग्णाच्या खाटेवर आदळून चालणार नाही. म्हणून आधी संगणकात आभासी वॉर्ड उभारून त्यात त्याला चालवून पाहतात. या कामासाठी 'गॅझेबो' हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे. त्याचा आरंभ २००२ साली अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला. यंत्रमानवाचे संवेदक, चाके आणि नकाशा यांच्यातील निरोपांची देवाणघेवाण 'रॉस' ही प्रणाली सांभाळते. हे सारे कार्यक्रम एकत्र सुरू करणारी असते ती 'लाँच फाइल'. शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांना आपापल्या जागी सज्ज करणाऱ्या मुख्य परिचारिकेसारखे तिचे काम.

सादरीकरणाच्या आदल्या रात्री ही फाइल चालेना. पडद्यावर लाल अक्षरांच्या ओळीच ओळी! "काका, आता सगळं पुसून पहिल्यापासून इन्स्टॉल करते," ती रडवेली होऊन म्हणाली. रात्रीचे अकरा वाजले होते. मला त्यातले काही कळत नव्हते. पण निदानाआधी शस्त्रक्रिया करू नये, एवढे कळत होते. मी विचारले, "शेवटचं नीट कधी चाललं? त्यानंतर काय बदललं?"

दुपारी चालले होते. त्यानंतर तिने चित्राची खिडकी बंद केली आणि रात्री नवा टर्मिनल उघडला, एवढेच.

पहिली तक्रार 'पॅकेज सापडत नाही' अशी होती. पॅकेज जागच्या जागी होते. मात्र प्रत्येक नव्या टर्मिनलला 'सोर्स' आज्ञा देऊन आपल्या कामाच्या फोल्डरची ओळख करून द्यावी लागते, ती राहिली होती. ती दिल्यावर तक्रार बदलली. आता शेवटची ओळ सांगत होती की, यंत्रमानवाला आभासी जगात ठेवणारी सेवा उपलब्ध नाही. पुतणीने लगेच यंत्रमानवाच्या आराखड्याची फाइल दुरुस्तीला घेतली. मी तिला थांबविले. "ही शेवटची ओळ झाली. पहिली तक्रार कोणती?"

वर सरकत गेल्यावर ती सापडली. 'जीझेडसर्व्हर' हा मुख्य कार्यक्रम आरंभीच २५५ हा क्रमांक देऊन बंद पडला होता. सेवा देणाराच नाही, तर सेवा मिळणार कोठून? शेवटची ओळ म्हणजे नुसता ताप होता. रोग वर दडला होता.

२५५ हा आकडा अपयश सांगतो, कारण सांगत नाही. म्हणून तिने 'व्हर्बोज' हा पर्याय देऊन सविस्तर नोंदी मागविल्या. त्यात स्पष्ट लिहिले होते: पत्ता आधीच वापरात आहे, दुसरा गॅझेबो चालू आहे. दुपारी खिडकी बंद झाली, तरी तिच्यामागचा जीझेडसर्व्हर जिवंतच होता आणि ११३४५ क्रमांकाचे पोर्ट अडवून बसला होता. 'किलऑल जीझेडसर्व्हर' एवढी एक आज्ञा दिली, आणि बारा वाजण्याच्या आत यंत्रमानव वॉर्डात फिरू लागला. सारे पुसले असते तर रात्र गेली असती, आणि तिच्या अनेक आठवड्यांच्या मेहनतीचा तो वॉर्डही.

त्या जुन्या गॅझेबोचा अधिकृत आधार जानेवारी २०२५ मध्ये संपला. नव्या गॅझेबोच्या आज्ञा निराळ्या आहेत. तपासाचा क्रम मात्र तोच. आधी इतिहास, मग पहिले लक्षण, आणि एका वेळी एकच बदल.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक आजोबा समोर बसले. पाच तक्रारी सांगून झाल्यावर ते थांबले. सवयीने माझा हात पाचव्या तक्रारीसाठी औषधाच्या चिठ्ठीकडे गेला होता. मी पेन खाली ठेवले आणि विचारले, "आजोबा, यातलं सगळ्यात आधी काय सुरू झालं?"