वाट चुकलेलं पिल्लू सापडलं तर

आईच्या पंखाखाली असताना कोंबडीचं पिल्लू बारीक, मऊ चिवचिवतं. एकटं पडलं की तोच आवाज उंच, टोकदार होतो आणि थांबता थांबत नाही. कधी पावसाळ्यात घराच्या वळचणीला, कधी आठवडी बाजार उठल्यावर गटाराच्या कडेला असं पिल्लू सापडतं. उचलणाऱ्याचा हात आधी तांदळाच्या डब्याकडे जातो. पिल्लाला मात्र त्या घडीला दाण्याआधी ऊब हवी असते.

अंडं फोडण्याच्या सुमारास शिल्लक राहिलेला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. त्या शिदोरीवर नुकतं जन्मलेलं पिल्लू दोनेक दिवस न खाता तग धरतं. हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं दूरच्या गावी पाठवता येतात ती यामुळेच. थंडी मात्र त्याला काही तासांतच मारू शकते. अंगावरची लव पुरेशी ऊब धरत नाही आणि शरीराचं तापमान राखण्याची ताकदही अजून आलेली नसते. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती अडीच-तीन अंशांनी कमी करत न्यायची.

त्यासाठी पुठ्ठ्याचा खोका, तळाला भाताचं तूस आणि एका कोपऱ्यावर टांगलेला साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब पुरतो. तूस चटकन पेटतं, म्हणून बल्ब पक्का बांधावा. ऊब नीट आहे का, हे पिल्लूच सांगतं. बल्बखाली आकसून ओरडत असेल, तर बल्ब खाली घ्यावा. चोच उघडी टाकून लांबच्या कोपऱ्यात धापा टाकत असेल, तर वर घ्यावा. पाय ताणून निवांत झोपलं, की समजावं जमलं. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र मात्र नको. त्यावर घसरून पिल्लाचे पाय फाकतात.

ऊब मिळाली की पाणी. उथळ ताटलीत चार खडे टाकून कोमट पाणी ठेवावं, म्हणजे पिल्लू बुडत नाही. चोचीचं टोक एकदा पाण्याला लावलं की ते पुढे आपलं आपण पितं. मग दाणा. कुक्कुटखाद्याच्या दुकानात ‘चिक स्टार्टर’ मिळतं, त्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. ते मिळेपर्यंत बारीक कणी आणि उकडलेल्या अंड्याचा चुरलेला बलक चालतो. नुसत्या कणीवर पिल्लाची वाढ होत नाही. ताटातलं खारट उरलंसुरलं तर देऊच नये, मीठ पिल्लांना बाधतं.

सापडलेली तलंग असेल, म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, तर आधी आसपास विचारावं. तिच्या पायात खुणेची रंगीत चिंधी असू शकते. पांढरी, जड आणि पायांनी अधू वाटणारी कोंबडी बहुधा गाडीतून पडलेली ब्रॉयलर असते. जेमतेम सहा आठवड्यांत दोन किलोंच्या घरात गेलेल्या या पक्ष्याचा आवाज अजून पिल्लाचाच असतो. सह्याद्रीतल्या रानालगत पिल्लू दिसलं, तर ते रानकोंबडीचंही असू शकतं. आई जवळपास दडलेली असते, आणि हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला तिथेच राहू द्यावं.

घरी आधीच कोंबड्या असतील, तर पाहुण्याला तीन-चार आठवडे वेगळं ठेवावं. त्याचं भांडं वेगळं, आणि त्याला दाणापाणी आपल्या कोंबड्यांनंतर. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, वरून धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्याबरोबरही येते आणि अख्खं खुराडं रिकामं करते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणून सापडल्या जागी इतर पक्षी मरून पडलेले असतील, तर कशालाही हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावं.

वेगळं ठेवण्याची मुदत संपली तरी पक्षी एकदम कळपात सोडू नये. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी ती १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रीय भाषेत मांडली. नव्या पक्ष्याला काही दिवस जाळीआडून कळपाला दिसू द्यावं आणि मग अंधार पडल्यावर खुराड्यात सोडावं. पिसं फुटलेली नसतील, तर त्याआधी अजून थांबावं.

पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरतात. मानमोडीवरची लासोटा लस आणि जंतनाशक यांसाठी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

आणखी एक. जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवून विकतात ती बहुतेक अंड्याच्या जातीची नर पिल्लं असतात. अंडी देत नाहीत म्हणून हॅचरीला ती नको असतात. घरी नेल्यावर ऊब न मिळून त्यांतली कित्येक दगावतात, उरलेली सोडून दिली जातात. मुलांनी कितीही हट्ट धरला तरी ती विकत घेऊ नका.