सुईचं नाक आणि धाडसाची पिशवी

सुईला इंग्रजीत डोळा असतो. चिनीतही डोळाच, असं कार्डावर लिहून मी पुढच्या शब्दाकडे वळले होते. तेवढ्यात समोर बसलेल्या लाओशींनी कार्डावर बोट ठेवलं. चिनी शिकवणाऱ्या बाईंना आम्ही ‘लाओशी’च म्हणतो, बाई, सर, गुरुजी सगळ्यांना तो एकच शब्द. “डोळा बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, “पण उत्तरेकडे सुईला नाकही असतं. दोरा नाकातून ओवतात.” मी नाक वाढवलं. कोपऱ्यात पेन्सिलीने आपला शब्दही टिपून ठेवला : नेढं. तो मात्र कामात धरायचा नव्हता.

काम होतं इंग्रजी आणि चिनीतल्या अवयवांच्या रूपकांची तुलना. ऐकायला मजेचं, करायला वेळखाऊ. ‘प्रॅगलजॅझ’ नावाच्या दहा अभ्यासकांच्या गटाने 2007 मध्ये रूपक ओळखण्याची एक रीत मांडली. आम्ही तीच पाळतो. आधी उतारा पूर्ण वाचायचा. मग शब्द सुटे करायचे. प्रत्येक शब्दाचा इथला अर्थ आणि त्याचा मूळचा, हाताला लागेल असा अर्थ शेजारी-शेजारी ठेवायचे. दोन्ही वेगळे असतील आणि एकावरून दुसरा कळत असेल, तर ते रूपक.

चिनीत गाडी दुसऱ्याच पायरीला अडते, कारण ओळीत शब्दांमध्ये जागाच सोडलेली नसते. ‘श्याओशिन’ सुटा केला तर ‘लहान’ आणि ‘हृदय’. एकच शब्द धरला तर ‘सांभाळून’. मी पहिल्यांदा त्याचा अर्थ ‘कोत्या मनाचा’ असा लावला, तेव्हा लाओशी खळखळून हसल्या. चीनमध्ये ओल्या फरशीवर ठेवतात त्या पाटीवर हाच शब्द असतो.

बाहेरून दिसणाऱ्या अवयवांची कार्डं भराभर होतात. डोंगराला पाय, नदीला मुख, टेबलाला पाय, हे दोन्हीकडे. ‘हात’ म्हणजे माणूस, हेही दोन्हीकडे. इंग्रजीत शेतावरचा मजूर ‘हात’, जहाजावरचा खलाशी ‘हात’. चिनीत खलाशी ‘पाण्याचा हात’, गायक ‘गाण्याचा हात’, नवशिका ‘नवा हात’. ‘जुना हात’ तर दोघांकडे जसाच्या तसा मुरलेला, अनुभवी. माणसाची आणि डोंगराची आकृती सगळ्यांनी पाहिलेली, म्हणून इथे फारसं भांडण नाही. थोडं आहेच. चिनी डोंगराला अर्ध्या चढावर कंबर असते, इंग्रजी डोंगराला नसते. इंग्रजी घड्याळाला हात, चिनी घड्याळाला सुया. पेन्सिल पुन्हा कोपऱ्यात : काटे.

काही कार्डं फसवतात. मक्याच्या कणसाला इंग्रजीत ‘इअर’ म्हणतात. मी खुशाल ‘कान’ या गठ्ठ्यात टाकलं. कोश उघडल्यावर कळलं, हा ‘इअर’ मुळातच निराळा शब्द. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे होते, झिजत झिजत एका रूपाला आले. इंग्रजीतलं ‘चेहरा गमावणं’ खरं, पण ते इंग्रजांचं नव्हे. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांनी चिनी प्रयोग शब्दशः उचलला, आणि ‘चेहरा वाचवणं’ त्यावरून मग स्वतः घडवलं. उलट रात्रभराच्या विमानाला चिनी लोक ‘लाल डोळ्यांचं’ म्हणतात, ते इंग्रजीवरून. त्यांचे स्वतःचे डोळे लाल होतात ते मत्सराने. इंग्रजी मत्सराचे डोळे हिरवे. उसनं आणि घरचं निराळं केल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नसतो.

खरी गंमत पोटाच्या आत शिरल्यावर सुरू होते. इंग्रजीत ‘गॉल’ म्हणजे पित्त, आणि ते असणं म्हणजे निर्लज्ज आगाऊपणा. चिनीत ‘तान’ म्हणजे पित्ताशय, आणि ते मोठं असणं म्हणजे धाडस. लहान असणं म्हणजे भित्रेपणा. इंग्रजाचं धाडस त्याच्या आतड्यांत. अवयव शेजारचे, स्वभाव उलटे. असं का?

याचं उत्तर जुन्या वैद्यकात सापडतं. ‘हुआंगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथात शरीर हा एक दरबार आहे. हृदय राजा, यकृत सेनापती आणि पित्ताशय निवाडा देणारा अधिकारी. ठाम निर्णय तिथे होतो, म्हणून धैर्यही तिथलंच. भाषाभ्यासक निंग यू यांनी 2003 मध्ये या पित्ताशयावर एक अख्खा निबंध लिहिला. युरोपात मात्र ग्रीकांपासून चालत आलेले चार रस होते. पिवळं पित्त वाढलं की माणूस तापट आणि कडवट. प्लीहा दोघांकडे स्वभावाला चिकटलेली. चिनीत मिजाजाला म्हणतात ‘फीछी’, म्हणजे ‘प्लीहेची हवा’. इंग्रजीत राग ओकणं म्हणजे प्लीहा मोकळी करणं. आणि आपल्याकडे खवळतं ते पित्त.

डोंगराचा पाय कुणालाही दिसतो. पोटातलं मात्र जिवंतपणी कुणी पाहिलेलं नसतं. वैद्य सांगेल ते खरं. वैद्यांच्या पोथ्या बाजूला पडल्या, तरी त्यांनी काढलेला नकाशा बोलण्यात शिल्लक राहिला. आजचा चिनी माणूस सोनोग्राफीनंतर पित्ताशय काढून टाकतो आणि तरी ‘मोठ्या पित्ताशयाचा’ राहतो.

संध्याकाळी कार्डं आवरताना लाओशींनी विचारलं, “तुझ्या भाषेत धाडस कुठे असतं?”

“काळजात. वाघाचं काळीज म्हणतो आम्ही.” मी छातीवर हात ठेवला.

“म्हणजे हृदय?”

मी हो म्हणणार होते. पण रविवारी खाटकाकडे पाव किलो काळीज मागितल्यावर तो जे कापून देतो, ते हृदय नसतं. मी हात छातीवरून काढला आणि खाली, उजव्या बरगड्यांखाली नेला.

“अच्छा, सेनापती!” लाओशी म्हणाल्या, आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतःच ते कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं.