वायफायची नाडीपरीक्षा

"आई, पुन्हा गेलं!" दुपारी पाऊण वाजला, की वरच्या खोलीतून सूनबाईची हाक ठरलेली. आधी "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" आणि मग ती हाक. तिचं ऑफिस पुण्याचं, काम आमच्या गावातून, घरी बसून. मीटिंग ऐन रंगात आली, की समोरच्यांचे चेहरे गोठायचे. महिनाभर हे चाललं आणि एक दिवस तिच्या साहेबांनी सरळ सांगितलं, "घरून जमत नसेल तर पुण्याला येऊन राहा." नातू जेमतेम तीन वर्षांचा. त्याला घेऊन जायचं म्हणजे तिथं पाळणाघर, इथं ठेवायचा म्हणजे आईविना. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही.

उपाय आधीच करून झाले होते. आमचं घर जुनं, भिंती दीड फुटी. एका राउटरनं भागेना म्हणून मुलानं मेश बसवून दिलं होतं. मेश म्हणजे जाळं. एकाच्या जागी तीन डबे. पहिला बाहेरच्या खोलीत, जिथं कंपनीची तार येते तिथं. दुसरा स्वयंपाकघरात फ्रिजवर, तिसरा माडीवर. पहिल्यानं दुसऱ्याला हाक द्यायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तरी रडगाणं तेच. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. "लाइन ओके आहे मावशी, मोठा प्लॅन घ्या," म्हणाला. आमचे हे म्हणाले, "डबेच भिकार." मुलगा फोनवरून म्हणाला, "बंद करून चालू करा." ज्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं. दुखणं नेमकं कुठं आहे, हे मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

मैत्रिणींनो, आपण डॉक्टरकडे गेलो तर ते आधी काय विचारतात? कुठं दुखतं, कधी दुखतं, जेवणाआधी की जेवल्यावर? मी म्हटलं, वायफायलाही हेच विचारून बघू. एक जुनी वही काढली आणि तीन रकाने आखले: वेळ, जागा, आकडा.

आकडा आणायचा कुठून? त्यासाठी 'पिंग' नावाचं एक साधं हत्यार आहे. अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेतल्या माईक म्यूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं. पाणबुडी शोधताना आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव. आपल्या लॅपटॉपनं एक हाक मारायची आणि "ओ" यायला किती वेळ लागला ते मोजायचं. मोजमाप मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. विंडोजच्या लॅपटॉपवर 'सीएमडी' शोधलं, की काळी खिडकी उघडते. तिथं पिंग लिहून पुढं पत्ता टाकायचा. फोनसाठी हेच काम करणारी फुकट ॲप्स मिळतात.

हाका दोन मारायच्या. पहिली घरातल्या मुख्य राउटरला. त्याचा पत्ता फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये 'गेटवे' म्हणून दिसतो, बहुधा १९२.१६८ नं सुरू होणारा. दुसरी हाक घराबाहेर, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर. सगळी मेख या दोन हाकांत आहे. घरातली "ओ" झटपट येते आणि बाहेरची रखडते, तर दुखणं कंपनीकडं. घरातलीच "ओ" रखडत असेल, तर कंपनीला बोल लावून उपयोग नाही, आपल्याच घरात शोधायचं.

पाच दिवस आम्ही सासू-सुना वही भरत होतो. माडीवरून मुख्य राउटरला मारलेली हाक एरवी पाच ते आठ मिलिसेकंदांत परत यायची. पाऊण वाजला, की आकडे तीनशे, नऊशे, आणि मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे "ओ" आलीच नाही. त्याच वेळी मी बाहेरच्या खोलीत, पहिल्या डब्याशेजारी बसून फोनवरून बाहेर हाक मारत होते. ती पंचवीसच्या आसपास अगदी सुतासारखी सरळ! म्हणजे कंपनीचा माणूस तेवढ्यापुरता खरं बोलत होता. दुपारचं दुखणं घरातलंच होतं, पहिल्या आणि तिसऱ्या डब्याच्या मधे कुठंतरी.

मग मेशचं ॲप उघडलं. बहुतेक मेशबरोबर त्या कंपनीचं ॲप येतंच, पण बसवून झालं की आपण ते विसरून जातो. कुठला डबा कुणाशी जोडला आहे आणि जोड किती घट्ट आहे, ते त्यात दिसतं. आमच्या फ्रिजवरच्या डब्याचा आकडा होता उणे ७८. हा उण्याचा हिशेब कर्जासारखा, जितका लहान तितका बरा. उणे ५० म्हणजे छान, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ८० म्हणजे जवळजवळ तुटलेलंच.

शिवाय तो डबा २.४ गिगाहर्ट्‌झवर बोलत होता. वायफायला मुख्यतः दोन वाटा असतात. ५ गिगाहर्ट्‌झची वाट वेगवान, पण जाड भिंतीपुढं हात टेकणारी. २.४ ची संथ, पण भिंतीतून पलीकडं पोचणारी. आमच्या दीड फुटी भिंतीमुळं डब्यानं दुसरी वाट धरली होती. आता गंमत बघा. मायक्रोवेव्ह चालतो साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवर! त्यातून जी किंचित गळती होते, तिनं आपल्याला अपाय होत नाही, पण वायफायचा आवाज त्याहूनही बारीक असतो. आणि आमचा मायक्रोवेव्ह फ्रिजला खेटून. पाऊण वाजता आमच्या ह्यांचं जेवण गरम व्हायचं, तेव्हाच वर मीटिंग गोठायची!

संशय आला म्हणून लगेच निकाल द्यायचा नाही. सकाळी अकराला, कुणाची मीटिंग नसताना, कपभर पाणी मायक्रोवेव्हमध्ये ठेवून दोन मिनिटं लावलं. सूनबाई वर पिंगचे आकडे बघत होती. "आई, गेलं!" बंद केला. "आलं!" पुन्हा लावला. "गेलं!" तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. महिनाभरात पहिल्यांदा दोघी पोटभर हसलो.

उपायाला एक रुपयाही लागला नाही. मधला डबा फ्रिजवरून काढून जिन्याच्या वळणावरच्या कट्ट्यावर ठेवला. तिथून बाहेरच्या खोलीचं दार समोर दिसतं, मधे भिंत नाही. आकडा उणे ७८ वरून उणे ५८ वर आला आणि डब्यानं आपणहून ५ ची वाट धरली. पुन्हा कपभर पाणी ठेवून परीक्षा घेतली. माडीवरचा आकडा हलला नाही.

या वहीनं आणखी दोन गोष्टी दाखवल्या. रात्री साडेआठनंतर मुख्य राउटरची "ओ" तीन मिलिसेकंदांत यायची, पण बाहेरची दोनशेच्या पुढं जायची. म्हणजे रात्रीचं दुखणं मात्र कंपनीकडचंच. आठवड्याचे आकडे तारीखवार लिहून तक्रार केली. ती अजून पुरती मिटलेली नाही, पण फोनवरचा मुलगा आता "बंद करून चालू करा" म्हणत नाही, आकडे लिहून घेतो. दुसरं म्हणजे, आपल्या वायफायवर कोण कोण आहे ते 'फिंग'सारख्या ॲपवर दिसतं. आमच्या यादीत दोन अनोळखी फोन निघाले. कधीकाळी पाहुण्यांना, शेजाऱ्यांना दिलेला पासवर्ड! त्याच दिवशी बदलला.

तुमच्याकडंही कुरकुर असेल तर एवढं करा:

* आधी मुख्य राउटरला हाक, मग बाहेर. शक्यतो दोन्ही एकाच वेळी. निदान तीन दिवस वेळेसकट लिहा.
* मधला डबा सिग्नल संपतो तिथं ठेवू नका, चांगला मिळतो तिथं ठेवा. त्याच्यापाशीच सिग्नल पोचला नाही, तर तो पुढं काय देणार?
* लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, मायक्रोवेव्ह यांच्यापासून डबे लांब ठेवा.
* एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. भाजीत मीठ आणि तिखट एकदम वाढवलं, तर काय चुकलं ते कळत नाही.
* फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकत असेल, तर घरात खटपट करू नका. तार बिघडली आहे, सरळ तक्रार नोंदवा.
* मदतीच्या नावाखाली कुणी अनोळखी माणूस फोनचा ताबा देणारं ॲप घ्यायला सांगत असेल, तर घेऊ नका.

सूनबाईनं साहेबांना कारण आणि उपाय दोन्ही लिहून कळवलं. पुण्याचा विषय तूर्त तरी मागे पडला. नातू शेजारी बसून वहीच्या उरलेल्या पानांवर रेघोट्या ओढतो. आणि आमचे हे अजूनही रोज पाऊण वाजता जिन्याखालून विचारतात, "लावू का गं मायक्रोवेव्ह?"

"लावा की!" वरून उत्तर येतं.